सिनेमाच्या पुढे धावलेला आवाज

ही गोष्ट दोन हजार तेरा सालची. त्या वर्षीच्या शरदापर्यंत पोलंडमधल्या आमच्या निसा गावात माझ्याबद्दल एक गोष्ट कुणीही छातीठोकपणे सांगितली असती: लुत्सिना ओर्लिकचा आवाज कधी उशिरा येत नाही आणि कधी लवकर येत नाही. बस उशिरा यायची, पेन्शन उशिरा यायचं, फुटबॉलची मॅच रंगली तर चर्चमधली प्रार्थनासुद्धा उशिरा सुरू व्हायची. पण गुरुवारी संध्याकाळी संस्कृती केंद्राच्या सभागृहात दिवे मालवले, की मी वेळेवर.

आमच्याकडे परदेशी सिनेमाला लेक्टर असतो. नट आपापल्या भाषेत बोलतात, त्यांचा आवाज जरा बारीक करून ठेवतात आणि वरून एकच माणूस सगळ्यांचं बोलणं पोलिशमध्ये वाचतो. नायकाचं, नायिकेचं, खुन्याचं, पोपटाचं, सगळ्यांचं. वाचताना रडायचं नाही, हसायचं नाही. औषधाच्या दुकानात गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर हे ज्या सुरात सांगतात, त्या सुरात ‘तुझ्याशिवाय मी जगणार नाही’ वाचायचं. आणि वाचायचं नटाच्या एक श्वास मागून. नट पुढे, आपण मागे, जसं मुलाला सायकल शिकवताना मागून धावतात तसं.

टीव्हीवर हे काम पुरुष करतात. पण चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात आमच्या फिल्म क्लबातल्या वाचणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला, आणि दारात तिकिटं फाडणाऱ्या मला उचलून माइकपुढे बसवलं. गृहस्थांचा घसा वसंतात बरा झाला, पण तोवर लोकांना माझी सवय झाली होती. पुढे गावातली कितीतरी माणसं माझ्या आवाजात प्रेमात पडली. ती प्रेमं पडद्यावरच्या बायकांवर होती हा भाग वेगळा. काय दिवस होते ते! पातळ कागदावर टंकलेले संवाद यायचे, कार्बनच्या तिसऱ्या प्रतीचे, अक्षरं धुक्यातून आल्यासारखी. बाजूला हिरव्या टोपीचा दिवा. प्रोजेक्टर चालवणारा झेनेक मध्यंतरात काचेच्या ग्लासातून चहा आणून द्यायचा, लिंबाची चकती घालून. आमचं बोलणं असं फारसं नव्हतंच. तो त्याच्या खिडकीतून हात हलवायचा, मी मान हलवायची. लग्नंसुद्धा एवढ्यावर टिकतात.

सत्तरी ओलांडली आणि डोळे कुरकुर करू लागले. मी कागद नाकाशी धरू लागले, तेव्हा तो माइकच्याही नाकाशी आला. प्रत्येक पान उलटलं की सभागृहात कुणीतरी बटाट्याचे वेफर्स खातंय असं वाटायचं. दिवा मोठा केला तर पडद्यावर पिवळा डाग. त्या उन्हाळ्यात केंद्राच्या नव्या संचालिका रेनाताबाई चॉकलेटचा डबा घेऊन घरी आल्या. आमच्याकडे कुणी चॉकलेट घेऊन आलं की आधी खुर्चीत बसून घ्यावं. त्या भल्या बाई. इकडचं तिकडचं बोलल्या, माझ्या आलुबुखाराच्या मुरंब्याची तारीफ केली आणि मग म्हणाल्या, सबटायटल्सच्या यंत्रासाठी मंजुरी मिळाली आहे. पडद्याखाली अक्षरं येतील, वाचायला कुणी लागणार नाही. मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारचा सिनेमा खडखड न होता, दिवा न लावता, मागे न पडता मी वाचून दाखवला, तर त्या यंत्राऐवजी छपराची गळती काढतील.

त्या गेल्यावर मी डबा उघडला नाही. तुम्हाला वाटेल, एका गुरुवारचं एवढं काय? पण बाकीच्या सहा दिवसांत माझं बोलणं ऐकणारा माणूस एकच होता, आणि तोही मोजमाप करत असायचा.

तो माणूस म्हणजे माझा नवरा बोगुश. भूमापन खात्यातून निवृत्त. गावाच्या आसपासचं एकही शेत त्याने मोजायचं ठेवलं नव्हतं, आणि शेतं संपल्यावर तो घरात शिरला. मी पिएरोगीच्या पाऱ्या लाटत असले की तो त्यांचा व्यास बघायचा. रेनाताबाईंचं म्हणणं त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं याला नीट ऐकू आलं नाही.

“लुशा,” तो म्हणाला, “तुझा प्रश्न डोळ्यांचा नाहीच. तुझा प्रश्न ओळीच्या लांबीचा आहे.”

आमच्या मुलीने, कामिलाने, डब्लिनहून त्याच्या नामदिनाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी, ई-रीडर पाठवला होता. बशीपेक्षा लहान. त्यावर त्याने एक पुस्तक अर्धवट वाचलं होतं आणि त्या यंत्राच्या कडा किती काटकोनात आहेत हे मात्र पूर्ण तपासलं होतं. आता त्याने ग्रंथालयातून दुसरा मागून आणला, ताटाएवढा. दोन्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले, गळ्यात घड्याळ अडकवलं आणि मला वाचायला बसवलं. मजकूर कोणता? तर आमच्या कपडे धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका. म्हणाला, गोष्टीत माणूस गुंततो आणि प्रयोग बिघडतो.

लहान यंत्रावर मला दिसतील एवढी अक्षरं केली, तर ओळीत तीन शब्द मावत. डोळे जिना उतरल्यासारखे खाली खाली, आणि तळाला पोचेपर्यंत पान संपायचं. मी पहिलीतल्या पोरासारखी तोडून तोडून वाचत होते. मोठ्या यंत्रावर अक्षरं बारीक केली, तर ओळ एवढी लांब की उजव्या टोकाला गेलेली नजर परत डावीकडे येईस्तोवर पत्ता विसरायची. मी एकच ओळ दोनदा वाचली आणि तिसरी गाळली. त्या हिशेबाने आमच्या यंत्राने एक सदरा दोनदा धुतला आणि पाणी भरलंच नाही. चुलीवर झुरेकचं सूप उतू गेलं, ते पुसायलाही बोगुशने मला ओळ संपल्यावरच उठू दिलं.

असं बरेच दिवस चाललं. समास वाढवले, कमी केले, अक्षरं घेवड्याएवढी केली, मसुराएवढी केली. शेवटी मोठा पडदा, घेवड्याची अक्षरं आणि ओळीत सात-आठ शब्द, हे जमलं. आणि काय सांगू! जीभ लोण्यावरून घसरावी तसं मी वाचू लागले. नजर एका ओळीवरून दुसरीवर आपोआप पडायची. बोगुशने घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं आणि खुर्चीतून उठून माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, जे त्याने आमच्या लग्नाच्या रौप्यमहोत्सवानंतर केलं नव्हतं.

“पाव पटीने वेग वाढला,” तो म्हणाला. “आता तुला मागे टाकणारा नट इटलीत जन्मायचाय.”

सिनेमा इटालियन होता. संवाद रेनाताबाईंनी संगणकावरून पाठवले आणि बोगुशने ते यंत्रात भरले. भरताना त्याने एक सुधारणा केली. कागदावर दोन संवादांच्या मध्ये मोकळी जागा असायची, आणि तिथे मी पेन्सिलीने रेघा ओढायचे: इथे थांब, इथे ती दार उघडते, इथे तो नुसता बघत बसतो. या संवादांतही तशा मोकळ्या जागा होत्या. बोगुशला त्यांत पडीक जमीन दिसली. त्याने सगळे बांध काढून टाकले आणि पहिल्या ‘सुप्रभात’पासून शेवटच्या ‘निरोप घेतो’पर्यंत एकच सपाट, भरगच्च शेत केलं. मी घरी ते वाचून पाहिलं. सिनेमा समोर नव्हताच, तो त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी यायचा होता. एकदाही अडखळले नाही. त्या दिवशी मी चॉकलेटचा डबा उघडला.

गुरुवारी सभागृह भरलं. आमच्याकडे कोट खाली कोटघरात दिल्याशिवाय वर सोडत नाहीत, त्यामुळे पाऊस असला तरी सगळे नीटनेटके दिसतात. पहिल्या रांगेत नेहमीप्रमाणे निवृत्त न्यायाधीश पिलार्स्की. त्यांना तोफेचा आवाजही ऐकू येत नव्हता. पण बायको असताना ते जोडीने यायचे, आणि ती गेल्यावर त्यांनी गुरुवार सोडला नाही. रेनाताबाई मागे दाराशी उभ्या. मी बाजूच्या टेबलाशी बसले, मांडीवर स्वतःचाच मंद उजेड असलेलं यंत्र घेतलं. दिवा नाही, कागद नाही. झेनेकने खिडकीतून हात केला, मी मान हलवली.

सिनेमाची गोष्ट साधी. तळ्याकाठच्या बंगल्यात एक श्रीमंत म्हातारा सूप पिता पिता मरतो. संशय दोघांवर: त्याची बहीण ऑर्तेन्सिया आणि घरचा डॉक्टर. मारलेलं असतं डॉक्टरने, पण ते शेवटी कळायचं.

सुरुवात इतकी गुळगुळीत झाली, की मीच माझा आवाज ऐकत राहिले. फौजदाराने ऑर्तेन्सियाला विचारलं, तुम्ही त्या दुपारी कुठे होता? तिने लगेच उत्तर दिलं. मग फौजदार विचारण्याआधीच उत्तर देऊ लागली. म्हणजे मी देऊ लागले. सभागृहात कौतुकाची खसखस पिकली, काय हजरजबाबी बाई आहे म्हणून. मला वाटलं, लोक खूश आहेत. मी आणखी मोकळी झाले. ओळी इतक्या सुबक येत होत्या, की पडद्याकडे बघण्याचं कारणच उरलं नाही.

झेनेकला मात्र दिसत होतं. त्याने खिडकीतून हात खाली दाबल्यासारखा केला. मला वाटलं, आवाज कमी कर म्हणतोय. मी केला. त्याने दोन्ही हात दाबले. मी आणखी कमी केला, आणि हळू आवाजात माणूस भराभर वाचतो हे तुम्हाला माहीतच असेल. मग त्याने एक हात गळ्याशी नेला. मी मान हलवली: हो, चहा चालेल.

इकडे पडद्यावर ऑर्तेन्सिया सज्जात बसून शिंपिणीशी फोनवर बोलत नाशपाती सोलत होती. आणि सभागृहात माझा आवाज शांतपणे म्हणाला, “सूपमध्ये मीच घातलं. त्याला चवसुद्धा कळली नाही. मला हे घर हवं होतं, बाकी काही नाही.”

ऑर्तेन्सियाने मान डोलावली आणि नाशपातीची फोड तोंडात टाकली.

मागून कुणीतरी हलकेच ‘येशू मारिया’ म्हणालं. तेव्हा मी वर पाहिलं. नाशपाती पाहिली. आणि कळलं की डॉक्टरचा कबुलीजबाब मी या बाईच्या तोंडात घातला आहे.

मी गप्प झाले. पान मागे घ्यायला बोट फिरवलं, पण घाईत दोन बोटं लागली आणि अक्षरं एकदम पावाएवढी झाली. यंत्राच्या अख्ख्या पडद्यावर एकच शब्द. तो लहान करायला यंत्र वळवलं, तर मजकूरही वळला आणि ओळी रेल्वेच्या रुळांसारख्या लांबत गेल्या. चाचपडत मी शिंपिणीच्या फोनपाशी पोचले आणि हुश्श म्हणून वर बघते, तर फोन केव्हाच संपलेला. काचघरात डॉक्टर गुडघ्यांवर बसला होता, डोळ्यांतून धारा, ओठ थरथरताहेत, हात जोडलेले.

लेक्टरला एकच नियम असतो: हलणारं तोंड रिकामं सोडायचं नाही. मी समोर होतं ते वाचलं.

“बाही जरा सैल ठेवा,” डॉक्टर हुंदके देत म्हणाला. “आणि बटणं नकोत. मागेही सांगितलं होतं, मला बटणं नकोत.” फौजदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरने आकाशाकडे पाहिलं. “शुक्रवारपर्यंत पाठवा.”

त्याला बेड्या घातल्या आणि दिवे लागले.

सिनेमानंतर आमच्याकडे चर्चा असते. चहा, खसखशीचा केक आणि मतं. मी टेबलाशी बसून राहिले, हातात यंत्र, आणि आता काय काय ऐकावं लागेल याची मनात जुळवाजुळव करत होते. भूगोल शिकवणाऱ्या हेर्मिनाबाई पहिल्या उठल्या. त्या म्हणाल्या, फळ सोलता सोलता खुनाची कबुली, इतकं थंड रक्त त्यांनी पडद्यावर आजवर पाहिलं नव्हतं. औषधविक्रेते गृहस्थ बटणांवर बोलले. निरपराध डॉक्टर दुःखाने वेडा झालाय, स्वतःच्या अंत्यविधीचा सदरा बेततोय, आणि मेलेल्याला बटणं कशाला? दोन बायकांनी डोळे पुसले. पोलिसांनी भलत्यालाच पकडून नेलं, याचं मात्र कुणालाही नवल वाटलं नाही. आमच्या पिढीने तेवढं पाहिलं होतं.

मी ऐकत होते. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दाराशी उभ्या रेनाताबाईंचा चेहरा काही दिसत नव्हता.

मग पहिल्या रांगेतून न्यायाधीश उठले आणि बहिरी माणसं बोलतात तसे मोठ्याने म्हणाले, “म्हाताऱ्याला डॉक्टरने मारलं.”

लोक प्रेमाने हसले. हेर्मिनाबाई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या की अहो, बहिणीने कबूल केलं. न्यायाधीशांनी विचारलं, कुणापुढे? फोनवर, त्या म्हणाल्या.

“मी चष्मा लावून बसलो होतो, बाई. ती नाशपाती खात होती.”

“अहो जजसाहेब, पण आमच्या लुत्सिनाबाई म्हणाल्या ना!”

यापुढे पुरावा तो काय? सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मी उठले आणि सांगितलं की न्यायाधीशांचं खरं आहे. डॉक्टरनेच मारलं, मी पुढे निघून गेले होते, आणि बटणं ऑर्तेन्सियाच्या झग्याची होती.

केकचे तुकडे बशीत तसेच.

“असेल,” हेर्मिनाबाई शेवटी म्हणाल्या. “पण बहिणीलाच जास्त शोभतं.”

आम्ही लोकशाही कष्टाने मिळवलेली माणसं, तेव्हा कुणीतरी हात वर करायला सांगितले. बहीण प्रचंड बहुमताने दोषी ठरली. न्यायाधीश म्हणाले की हा निकाल अपिलात टिकणार नाही, आणि कोट घ्यायला खाली गेले.

रेनाताबाई मला जिन्याशी भेटल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “आवाज सुरेखच होता, बाई. पण मी दोन वर्षं बोलोन्यात राहिलेय. मला इटालियन येतं.” यंत्र येणार, त्या म्हणाल्या. छपराखाली बादली ठेवू.

मी हिरवा दिवा पिशवीत घालून घरी आणला. बोगुश जागा होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो बराच वेळ आकडेमोड करत बसला आणि म्हणाला, “वाचनात दोष नाही, लुशा. सिनेमा हळू होता.” मी त्याच्याशी नाताळपर्यंत धड बोलले नाही, आणि त्याने ते वेळापत्रकात बसवून घेतलं.

सबटायटल्स जानेवारीत लागली. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण गुरुवार आला की पाय ऐकत नाहीत. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या सभागृहाचं तिकीट काढलं आणि तिसऱ्या रांगेत बसले. अंधार झाला. पडद्यावर एक नावाडी काहीतरी बोलला आणि खाली दोन ओळी उमटल्या. सभागृहात खुसपुस सुरू झाली. लोकांनी कोट कोटघरात दिले होते, आणि चष्मे कोटांत होते. आजवर सिनेमाला चष्मा लागतो हे कुणाला माहीत? चित्रं अंधुक दिसली तरी चालायचं, माझा आवाज होता. नावाडी पुन्हा बोलला. त्याची बायको बोलली. मागच्या रांगेतून अंधारात कुणीतरी विचारलं, “लुत्सिनाबाई, काय म्हणतोय हो तो?”

मी सांगितलं. मग ती काय म्हणाली तेही सांगितलं. मग पुढचं सगळंच.

आणि तुम्हाला सांगते, इतकं सुखाचं वाचन मी कधी केलं नाही. पडदा बसएवढा, अक्षरं माझ्या तळहाताएवढी, दोनच ओळी, दोन्ही आखूड. नट बोलला की येतात, गप्प झाला की जातात. मनात आणलं तरी पुढे जाता येत नाही. पुढच्या गुरुवारी मी आले तेव्हा माझं टेबल जागेवर होतं आणि त्यावर माइक. रेनाताबाई म्हणाल्या की झेनेकने ठेवलं. झेनेक म्हणाला की रेनाताबाईंनी.

रेनाताबाई पुढे ओपोलेला मोठ्या केंद्रावर गेल्या. नव्या संचालकांना परदेशी भाषा येत नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं. झेनेक निवृत्त होऊन मधमाश्या पाळतो. त्यांच्याशीही हातवारे करूनच बोलतो, आणि त्या त्याला चावतात. हेर्मिनाबाई मुलाकडे व्रोत्सवाफला राहायला गेल्या. न्यायाधीश पिलार्स्की दोन हिवाळे सबटायटल्स वाचून गेले. पहिल्या वेळी बाहेर पडताना मला म्हणाले होते, “बाई, इतकी वर्षं ही माणसं एवढं बोलत होती? मला वाटायचं, फार तर हवापाण्याचं.” बोगुश आहे. मोठा पडदा आणि आखूड ओळ हा शोध त्याचाच, असं तो पाहुण्यांना सांगतो, आणि ते खोटं आहे असं म्हणायला माझ्याकडे आकडे नाहीत.

तो इटालियन सिनेमा दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर लागला होता. लेक्टर कुणी भारदस्त गृहस्थ, एक श्वास मागून, शब्दन्‌शब्द जागच्या जागी. डॉक्टरने काचघरात सगळं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी मी पाव आणायला गेले तर दुकानात त्याचीच चर्चा चाललेली. मला बघून बेकरीवाल्या बाईंनी माझा पाव स्वतः काढला, कागदात गुंडाळला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “काल ऐकलंत ना, बाई? टीव्हीवाल्याने सगळं चुकीचं वाचलं.”

मी पाव घेतला आणि मान हलवली.